गाऊन गाऊन मरतो म्हणे सिकाडा!

मे महिन्यात सह्याद्रीच्या रानात सिकाडांनी, म्हणजे झाडांवर बसून किर्रकिर्र करणाऱ्या कीटकांनी, कान किटवायला सुरुवात केली, की मोबाईलवर एक मजकूर फिरू लागतो. आशय असा: हा कीटक सतरा वर्षं मातीखाली तप करतो, बाहेर आल्यावर अन्नपाण्याला शिवत नाही, दिवसरात्र प्रेयसीला साद घालतो आणि गाण्यातच सगळी शक्ती संपून प्राण सोडतो. जितका मोठा आवाज, तितकं मोठं बलिदान. सोबत बहुधा गुलाबाचं फूल.

सतरा वर्षांचा मुद्दा पटकन उरकू. 13 आणि 17 वर्षांचं गणित उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या मॅजिसिकाडा नावाच्या सिकाडांचं आहे. 2024 साली तिथे 13 वर्षांची एक टोळी आणि 17 वर्षांची एक टोळी एकाच हंगामात बाहेर आली. त्या दोघींचा असा योग त्याआधी 1803 साली आला होता. भारतात ठरावीक वर्षांनी झुंडीने निघणारा सिकाडा मेघालयातल्या री-भोई जिल्ह्यात आहे. तो दर चार वर्षांनी, नेमका फुटबॉल विश्वचषकाच्या वर्षी उगवतो. सह्याद्रीतली किर्रकिर्र मात्र दरवर्षीची.

‘अन्नपाण्याला शिवत नाही’ हे तर सरळ खोटं. प्रौढ सिकाडा सोंड फांदीत खुपसून मुळांकडून वर चढणारा पाणचट रस पितो. त्यात पोषण नावालाच असतं, म्हणून प्यायचं भरपूर आणि जादा पाणी मागून फवारायचं. सिकाडांनी भरलेल्या झाडाखाली अंगावर शिडकावा झाला, तर तो पाऊस समजू नये! रसात न मिळणारी अमिनो आम्लं त्याच्या शरीरात राहणारे जीवाणू बनवून देतात. उपाशी गायकाची ही कल्पना आजची नाही. गाण्याच्या नादात खाणंपिणं विसरून मेलेली माणसं सिकाडा झाली, ही कथा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या लेखनात येते. मजकूर बनवणाऱ्याने उचलेगिरी तरी जुन्या दुकानातून केली.

आता मुख्य गोष्ट, शक्तीची. गाणं महाग पडतं यात वाद नाही. गाताना कीटक किती प्राणवायू वापरतो हे मोजलं की खर्च कळतो. रातकिडे हे सिकाडांहून वेगळे, पंख घासून आवाज काढणारे कीटक; त्यांतले एकसलग सूर लावणारे विश्रांतीच्या दहा ते सोळा पट ऊर्जा जाळतात, तुटक ‘चिर्र-चिर्र’ करणारे दोन ते चार पट. ऑस्ट्रेलियातल्या फुगीर पोटाच्या एका सिकाडावर 1981 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा आकडा सुमारे वीस पट निघाला. त्यातही एक टक्क्याहून कमी ऊर्जेचा आवाज होतो, बाकीची उष्णता होऊन जाते.

वीस पट ऐकून डोळे विस्फारतात, पण हा सिकाडा गातो किती वेळ? संध्याकाळी जेमतेम अर्धा तास. म्हणजे गाण्याचा रोजचा खर्च दहा तास नुसतं बसून राहण्याइतका. मोठा आहे, जीवघेणा नाही. उडताना अनेक कीटकांचा खर्च विश्रांतीच्या पन्नास ते शंभर पट होतो. ‘उडून उडून मेला’ असा मजकूर कुणी पाठवत नाही.

आणि सगळ्यात साधा प्रश्न कुणाला कसा पडत नाही? मॅजिसिकाडाची मादी गात नाही. तीही नरासारखीच बाहेर आल्यावर चार-सहा आठवड्यांत मरते. गाण्यानेच जीव जात असता तर गावोगावी विधवा सिकाडा उरल्या असत्या.

मजकुरात खरं काही असेल तर ते रातकिड्यांबाबत, आणि तेही उलट्या बाजूने. ऑस्ट्रेलियातल्या एका रातकिड्यावरचा अभ्यास 2004 साली आला. प्रथिनांनी भरलेल्या खाण्यावर वाढलेले नर तरुणपणी जास्त गायले आणि लवकर मेले. उपाशी नव्हे, खाऊनपिऊन तगडे असलेले!

मोठा आवाज म्हणजे मोठं बलिदान, हेही जमत नाही. थोडं डोकं चालवलं तर त्याच ताकदीत आवाज वाढतो. युरोपातला एक भूकिडा, म्हणजे जमिनीत राहणारा रातकिड्याचा भाऊबंद, कर्ण्याच्या आकाराचं बीळ खणतो. त्याच्या ताकदीचा तब्बल तिसरा हिस्सा आवाजात उतरतो आणि तो 600 मीटरवर ऐकू जातो. आपल्या शेजारी कर्नाटकातला झाडावरचा रातकिडा पानाला कुरतडून भोक पाडतो आणि त्यात बसून पंख घासतो. पान आडवं आल्याने आवाज वाढतो. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2020 साली दाखवलं की ही युक्ती लहान चणीचे, हळू आवाजाचे नर जास्त करतात. मला या पानवाल्याचं सिकाडाच्या हौतात्म्यापेक्षा कितीतरी जास्त कौतुक वाटतं.

साद घालण्याची खरी जबर किंमत शक्तीत नाही, कुणी ऐकलं यात असते. हवाई बेटांवर एक परकी माशी रातकिड्याच्या आवाजाचा माग काढत येते, त्याच्या अंगावर अळ्या सोडते आणि त्या त्याला आतून खाऊन मारतात. काउआई बेटावर वीसपेक्षा कमी पिढ्यांत बहुतेक नर मुके झाले; पंखांवर आवाज काढणारी रचनाच उरली नाही. हे मुके आता उरल्यासुरल्या गायकांजवळ दबा धरून बसतात आणि आवाजावर आलेल्या मादीला वाटेतच गाठतात.