डॅक घेणाऱ्यांसाठी काही मौलिक सूचना

घरच्या स्टिरिओला स्वस्तातला डॅक, म्हणजे डिजिटल गाण्यातल्या आकड्यांचा ऐकता येईल असा सिग्नल करणारी डबी, घ्यायचं ठरवलंत? फार छान. आता पहिलं काम म्हणजे गाणी ऐकणं बंद करा. त्यात वेळ जातो, आणि तुमचे रिव्ह्यू बघायचे राहिलेत.

खोक्यावर ३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ (आवाजाचं माप किती बारीक आणि सेकंदाला किती वेळा घेतलं, त्याचे आकडे) असं छापलेलं नसेल तर हातही लावू नका. १९८२ साली बाजारात आलेली सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झवर भागवत होती, बिचारी. माणसाच्या कानाला ऐकू येणारा २० किलोहर्ट्झपर्यंतचा सगळा आवाज त्यात मावतो, हळू-मोठ्यातली ९६ डेसिबलची तफावतही मावते. पण आपण काय फक्त माणसांसाठी घेतोय? गल्लीतली कुत्री आहेत, समोरच्या पिंपळावरची वटवाघळं आहेत. आणि एवढं घेतलंत की त्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८च्या तबकडीवरून उतरवलेली, कुणीतरी व्हॉट्सॲपवर ढकललेली भैरवी लावा. सुईची खरखर काय खुलते म्हणून सांगू!

डॅकच्या पोटातली चिप कुठल्या कंपनीची, ईएसएसची की एकेएमची, यावर लग्नाच्या पंगतीतही भांडायची तयारी ठेवा. २०२० साली जपानमधला एकेएमचा कारखाना जळाला आणि बऱ्याच कंपन्यांना दुसऱ्या चिपा बसवाव्या लागल्या. डोळे बांधून ऐकवल्यावर किती जणांना फरक सांगता येईल, हे मात्र विचारू नका. पंगतीतून उठवतील.

ऑप्टिकल केबल, म्हणजे आवाज प्रकाशातून नेणारी, सोन्याचा मुलामा दिलेलीच घ्या. प्रकाशालाही सोनं आवडतं.

फोन मात्र ब्लूटूथनेच जोडा. इतके बिट विकत घेतल्यावर वाटेत थोडे सांडले तर बिघडत नाही.

टीव्हीला लावणार असाल तर मॅन्युअल वाचत बसू नका, त्यात काही नसतं. मी गेल्या आठवड्यात लावला. केबलच्या टोकावरची ती इवलीशी प्लास्टिकची टोपी काढली, आत लाल उजेड दिसला, टक्‌कन खोबणीत बसली, डॅकचा दिवाही लागला. आवाज शून्य. कस्टमर केअरला फोन. "सर, दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघा." बघितलं. "सर, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा." खोकं फोडतानाचा व्हिडिओ! आमच्या घरी बारशाचा काढला नाही कधी कुणी. मग टेक्निकल टीम. टीम म्हणाली टीव्हीत दोष आहे, टीव्हीवाला म्हणाला अँप्लिफायरमध्ये. आणि निघालं काय? टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो'वर होतं. ऑटोवर टीव्ही डॉल्बीचं बांधलेलं गाठोडं पाठवतो, ते साध्या स्टिरिओ डॅकला सोडता येत नाही. 'पीसीएम', म्हणजे न बांधलेला साधा डिजिटल आवाज, केलं, की गायला लागला. एवढंच! 'टीव्ही पीसीएमवर ठेवा' ही एक ओळ छापायला किती शाई लागते हो? ७६८ तीन-तीनदा छापायला होती ना शाई? खोक्यावर सोनेरी शिक्का मारायला होती ना?

पुरे झाली थट्टा. अहो, तुमच्या टीव्हीला किंवा कॉम्प्युटरला चालेल असं इनपुट आणि मागे अँप्लिफायरला जोडायचं दोन व्होल्टचं लाइन आउटपुट, एवढं असलेला कुठलाही धड डॅक उचला आणि विषय संपवा. हा प्रश्न तंत्रज्ञानाने कधीच सोडवलाय. अमेरिकेत नऊ डॉलरला मिळणारं ॲपलचं हेडफोन जोडायचं टीचभर डोंगलसुद्धा, तेही डॅकच, स्वच्छ आवाज देतं. खरा फरक पडतो तो स्पीकरने आणि खोलीने. तुमचा एक स्पीकर शोकेसच्या कप्प्यात कोंबलेला, दुसरा सोफ्यामागे, त्यावर फुलदाणी, आणि विचारता काय, तर कुठल्या डॅकने साउंडस्टेज, म्हणजे गाणारे-वाजवणारे समोर पसरून बसल्याचा भास, रुंद होतं! आधी ती फुलदाणी उतरवा. डॅकचे पैसे वाचवून बरे स्पीकर घ्या, नाहीतर निदान जाड पडदे तरी लावा.

आणि दुकानदारांनो, तुम्हीही ऐका. गिऱ्हाईक दारात आलं की "कशाला जोडणार, टीव्हीला की फोनला?" एवढं विचारायला शिका आधी. खोक्यावरचे आकडे आम्हाला वाचता येतात.