ताटातली ज्वारी कुणी काढली?

गेले काही दिवस नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. सार असं: "ज्वारी-बाजरी लोकांनी आपल्या आवडीने सोडली. कुणी काय खावं यात सरकारने पडू नये. ज्वारी टिकत नाही, म्हणून ती रेशनवर देता येत नाही. दिली तरी गरीब माणूस घेणार नाही. फार तर जनजागृती करावी." मला तो तिघांनी पाठवला, त्यातले दोघे मूळचे सोलापूर जिल्ह्यातले, म्हणजे ज्वारीच्याच पट्ट्यातले. त्याचं वाईट वाटलं, म्हणून उत्तर लिहायला बसले.

"आवडीने सोडली." माझ्या आईच्या लहानपणी गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तरच व्हायची. रोजच्या जेवणात तो गहू आला त्याला कारण आहे. 1965 साली भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग स्थापन झाले. गहू आणि भाताला हमीभाव मिळाला आणि, मुख्य म्हणजे, त्या भावाने माल उचलणारा हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. उचललेला माल देशभरच्या रेशन दुकानांत आला. ज्वारीचा हमीभावही जाहीर होत राहिला, पण माल घ्यायला क्वचितच कुणी आलं. साठच्या दशकात देशात ज्वारीखाली सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जमीन होती, आज ती 40 लाखांच्या आसपास आहे. सगळं खापर रेशनवर फोडणार नाही. सोयाबीन आलं, ऊस वाढला, काढणीला माणसं मिळेनाशी झाली. पण एक धान्य रेशनवर स्वस्तात, आता तर फुकट, आणि दुसरं बाजारात 40-50 रुपये किलो असेल, तर रेशनचं घेणाऱ्याची ती आवड होती असं कसं म्हणता?

"सरकारने पडू नये." सरकार त्यात केव्हाच पडलेलं आहे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या, म्हणजे रेशनसाठी पात्र ठरलेल्या घरातल्या, दर माणसाला महिना 5 किलो धान्य ठरलं. तांदूळ 3 रुपये, गहू 2 रुपये आणि भरडधान्य, म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणी वगैरे, 1 रुपया किलो. 2023 पासून ते मोफत आहे. म्हणजे ज्वारीला कायद्यातच जागा आहे. महाराष्ट्रात मात्र ती रेशनवर आली तर अधूनमधून, काही महिन्यांपुरती.

"ज्वारी टिकत नाही." हे मंगळवेढा-बार्शीकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला सांगून बघा. तिकडे ज्वारी पेवात ठेवायचे. कडक जमिनीत खोल खड्डा, आत चारी बाजूंनी कडबा, वर दगड आणि मातीने लिंपलेलं तोंड. आजोबा सांगायचे, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, आतली हवा जीव घेते. आधी कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस. त्या ज्वारीला एक उग्र वास यायचा, पण वर्षं उलटली तरी ती खाल्ली जायची. आपल्या भाषेतलं "पेव फुटणं" तिथूनच आलं. पीठ लवकर कडवट होतं हे खरं, म्हणून तर ते लागेल तसं दळून आणतात. दाणा टिकतो. सरकारी नियमात मात्र खरेदी केलेली ज्वारी थोड्याच महिन्यांत वाटून संपवायची अट होती. 2021 मध्ये केंद्राने ती मुदत ज्वारीसाठी 9 आणि नाचणीसाठी 10 महिने केली. म्हणजे अडचण दाण्यात नव्हती.

"गरीब माणूस घेणार नाही." माझी आत्या मंगळवेढा तालुक्यात राहते. घरात तिघं, महिन्याला 15 किलो धान्य. त्यातला तांदूळ ती एका ओळखीच्या घरी देते आणि बदल्यात ज्वारी आणते. तीन किलोला एक किलो, असा तोट्याचा सौदा. का, असं विचारलं तर म्हणाली, "भाताने पोट भरतं गं, पण दुपारपर्यंत टिकत नाही." कर्नाटकात सरकार शेतकऱ्यांकडून नाचणी हमीभावाने घेतं आणि दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत रेशनवर देतं, उत्तरेकडे ज्वारी देतं. ओडिशाने 2017 मध्ये आदिवासी जिल्ह्यांतल्या 30 तालुक्यांपासून भरडधान्य मोहीम सुरू केली. पुढे नाचणीची खरेदी झाली, काही जिल्ह्यांत अंगणवाडीतल्या मुलांना नाचणीचे लाडू मिळू लागले. लोक घेतात.

"फार तर जनजागृती." 2023 हे तर संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं भरडधान्य वर्ष होतं, तेही भारताच्याच प्रस्तावावरून. पोस्टर लागली, महोत्सव झाले, दुकानांत ज्वारीची महागडी बिस्किटं आली. आत्याच्या रेशनकार्डावर फरक पडला नाही. ज्वारी खाल्ली की मधुमेह बरा होतो, असंही याच ग्रुपांवर फिरतं. ते खोटं आहे, ज्वारी औषध नव्हे. पण राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम पांढऱ्या तांदळात लोह 1 मिलिग्रॅमही भरत नाही, ज्वारीत जवळपास 4 मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. एकट्या भाकरीने तो जाणार नाही, पण रोजच्या धान्यातून मिळेल तेवढं लोह तरी का सोडायचं? पाण्याचंही तेच. रब्बी ज्वारी मुरलेल्या ओलीवर येते, गव्हाला पाण्याच्या पाच-सहा पाळ्या लागतात. सोलापूरसारख्या जिल्ह्यात हा फरक विहिरीच्या तळाशी दिसतो.

रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. खळ्यावर रास पडली की मजुरी द्यायची असते, गावच्या सोसायटीच्या पीककर्जाचा हप्ता असतो, शेतकरी थांबू शकत नाही. खरेदी केंद्र त्याआधी उघडलं आणि पैसे वेळेत दिले, तर माल व्यापाऱ्याकडे पडत्या भावात जाणार नाही. तोच माल त्याच जिल्ह्यातल्या रेशन दुकानात आणि शाळेच्या पोषण आहारात गेला, तर वाहतूकही फारशी नाही. सोलापुरात कडक भाकरी करून विकणाऱ्या बायका आहेत, शाळांना भाकरी हवी असेल तर थापणारे हात तिथे आहेत. आणि रेशनकार्डावर गहू की ज्वारी, हे घरातल्या बाईला दर महिन्याला विचारा. माझी आत्या काय सांगेल ते मला माहीत आहे.