फार तर ‘नाही’ म्हणेल

परवा फोनवर भाच्याने विचारलं, “आत्या, तुमच्याकडे इंग्लंडात अनोळखी मुलीशी बोलायला गेलं तर लगेच केस होते का?” वय २२. लायब्ररीत समोर बसणारी एक मुलगी त्याला आवडते. महिनाभर हा पुस्तक उघडून बसतोय, पान काही उलटत नाही. मित्रांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, घाबरतोस काय, फार तर ‘नाही’ म्हणेल. दुसरा म्हणतो, आजकाल बोलायची सोयच राहिलेली नाही.

दुसऱ्या तटाने कायदा वाचलेला नसावा. भारतात २०१३ मध्ये पाठलाग हा वेगळा गुन्हा झाला. आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं, असं त्यात म्हटलंय. सभ्यपणे एकदा विचारलं म्हणून ते कलम लागत नाही. सगळी गोम त्या ‘पुन्हा पुन्हा’मध्ये आहे.

पहिल्या तटाशी माझं जास्त भांडण आहे. ‘फार तर नाही म्हणेल’ हे म्हणणाऱ्याला सोपं. ते ‘नाही’ ज्या बाईला म्हणायचं असतं, तिचं काय?

इंग्लंडात आले त्या वर्षीची गोष्ट. गाडी चाळीस मिनिटं लेट. स्टेशनच्या बाकावर मी वाचत बसले होते. एक माणूस समोर येऊन उभा राहिला. हातातल्या तिकिटाची त्याने गुंडाळी केली होती, कान लालभडक. “तुमच्याशी थोडं बोललं तर चालेल का?” मी म्हटलं, “आज नको.” तो “बरं, सॉरी” म्हणाला आणि फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. मग माझं लक्ष माझ्याच हाताकडे गेलं. पर्समधली घराची किल्ली मुठीत आली होती, टोक बोटांमधून बाहेर. ही सवय मी सामानाबरोबर घरूनच आणलेली.

म्हणून इथले पुरुष सगळे देव, असं मुळीच नाही. पुढे एकदा एक जण ‘नको’ ऐकूनही माझ्याच स्टॉपवर उतरला. मी औषधाच्या दुकानात शिरले आणि तो दिसेनासा होईपर्यंत शांपूच्या बाटल्या वाचत राहिले. परदेशाने भीती जात नाही, ना त्यांची, ना आमची.

पुरुषांची भीतीही खरीच असते, हे मान्य. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस १९ वर्षांचे असताना बायकांशी बोलायला इतके घाबरत, की त्यांनी स्वतःलाच शिक्षा दिल्यासारखं केलं. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी दिसेल तिच्याशी बोलायचं. ते सांगत, १३० जणी सापडल्या, ३० लगेच उठून गेल्या, १०० जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, ती आलीच नाही. म्हणजे निकाल शून्य, पण भीती गेली. (आपण कुणाचा तरी गृहपाठ आहोत, हे त्या बायकांना ठाऊक नव्हतं, तेवढं मला खटकतं.)

हा किस्सा मुलांना धीर द्यायला सांगतात. मला त्यातल्या त्या ३० आवडतात. बाग मोकळी होती, दिवसाउजेडी, त्यांना उठून जाता आलं.

भाच्याला मी एवढंच विचारलं, “लायब्ररीत तिला उठून जाता येईल? की परीक्षा संपेपर्यंत तिने रोज तुझ्यासमोरच बसायचं?” तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, “बाहेर पडताना विचारलं तर?” म्हटलं, चालेल, दारात मात्र उभा राहू नकोस.

“आणि तो फलाटावरचा दिसायला कसा होता गं?”

चेहरा खरंच आठवत नाही. कान आठवतात.