हॅलिबर्टन नाही म्हणून अख्खा सीझन सोडून द्यायचा?

रविवारी सकाळी खेळून झाल्यावर कोर्टाबाहेर चहा घेताना जो वाद झाला तो अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी इथे लिहितेय. लांब होणारे. ज्यांना बास्केटबॉलमध्ये रस नाही त्यांनी खुशाल पुढे जा, राग नाही.

तर एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, २०२५-२६ चा सीझन यंदा ऐन पाडव्याच्या पहाटे सुरू होतोय, म्हणजे तिकडे २१ ऑक्टोबरची रात्र आणि आपल्याकडे २२ ची सकाळ. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये लेकर्सवाले आहेत, वॉरियर्सवाले आहेत आणि इंडियाना पेसर्सची इतकी वर्षं मी एकटीच होते. जूनच्या फायनलनंतर इंजिनिअरिंगचा एक पोरगा पण पेसर्सकडे आलाय आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं, पण रविवारी तोच म्हणाला, "ताई, यंदा आपण टँक करायला पाहिजे. हॅलिबर्टन वर्षभर नाही, टर्नर गेला, उगाच ३५-३६ मॅच जिंकून काय मिळणार? सरळ तळाला जायचं आणि २०२६ च्या ड्राफ्टमध्ये भारी पिक घ्यायचा." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. (टँक म्हणजे मुद्दाम हरणं. ड्राफ्टमध्ये टीम नवीन पोरं निवडतात आणि तळाच्या टीमना आधीचा नंबर, म्हणजे पिक, मिळायची शक्यता जास्त. हॅलिबर्टन आमचा मुख्य खेळाडू, जूनच्या फायनलमध्ये जखमी झाला, आणि टर्नर आमचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच माणूस.)

मला हे पटलेलं नाही. तेव्हा घाईत नीट बोलता आलं नाही, घरी जायचं होतं, म्हणून आता सगळं बोलते.

आधी मी पेसर्सची कशी झाले ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये एनबीए पहिल्यांदा भारतात आली होती, वरळीच्या डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्सच्या दोन प्रीसीझन मॅच होत्या. पहिल्या दिवशीची शाळेतल्या मुलांसाठी होती, शनिवारी ५ तारखेची आपल्यासारख्यांसाठी. मी आणि दादा सकाळी डेक्कन क्वीननी गेलो, दिवसभर मुंबईत फिरलो आणि गेट उघडायच्या तासभर आधीपासून लाइनीत. आमच्या सीट पार वर होत्या पण वॉर्मअपला कुणी अडवत नव्हतं म्हणून आम्ही खाली रेलिंगपाशी जाऊन उभे राहिलो. तिथून मायल्स टर्नर दिसत होता, एकाच कोपऱ्यातून थ्री मारत होता, गेला की बॉल परत हातात, परत तिथूनच, आणि टीव्हीवर कधी न ऐकलेला आवाज येत होता, बॉल रिंगला न लागता नुसता जाळीतून जातो ना, तो. एवढा उंच माणूस आणि मनगट इतकं हलकं. मॅच पेसर्स १३०-१०६ नी जिंकले. रात्री दादरहून शिवनेरीनी परत येताना एक्स्प्रेसवेवर दादा झोपला आणि मी खिडकीला डोकं लावून ठरवून टाकलं की आपली टीम ही.

आणि बघा, पुढे २०२२ च्या फेब्रुवारीत ह्याच दोन टीममध्ये सौदा झाला. सबोनिस किंग्जकडे गेला आणि टायरीस हॅलिबर्टन पेसर्सकडे आला. सबोनिसला वरळीत डोळ्यांनी बघितलेलं म्हणून मला तेव्हा रडू आलं होतं. हॅलिबर्टन काय चीज आहे ते कळायला पुढचा एक सीझन लागला.

गेल्या प्लेऑफचं, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीचं, नव्यानी सांगत बसत नाही, सगळ्यांना पाठ आहे. बक्स, कॅव्हलियर्स, निक्स आणि फायनलला थंडर, चारही टीमविरुद्ध हॅलिबर्टननी शेवटच्या क्षणी मॅच फिरवली. फायनलच्या पहिल्या मॅचमध्ये तर चौथ्या क्वार्टरमध्ये १५ नी मागे होतो आणि घड्याळात ०.३ सेकंद उरलेले असताना त्याचा शॉट गेला, १११-११०. आपल्याकडे शुक्रवार सकाळ, ओट्यावर दूध उतू गेलं, सासूबाई धावत आल्या की काय झालं म्हणून, मला बोलता येईना.

सात मॅचच्या फायनलमधली सहावी मॅच २० जूनला सकाळी होती. त्याच दिवशी पालख्या पुण्यात येणार होत्या. पेसर्स १०८-९१ नी जिंकले, ३-३ झालं, आणि संध्याकाळी मी फर्ग्युसन रोडवर माऊलींच्या पालखीला उभी होते तेव्हा खरं सांगते, हात जोडल्यावर पोटरीचं नाव तोंडात आलं. हॅलिबर्टनची पोटरी पाचव्या मॅचला दुखावली होती ना. आमच्या ग्रुपमधले बँकेतून रिटायर झालेले काका, सत्तरीला आलेत पण फ्री थ्रो अजून दहातले आठ टाकतात, ते तेव्हाच म्हणाले होते, "अगं, पोटरी ओढलेली असताना पळवलं की टाचेमागची शीर जाते, ह्या पोराला बसवा." मी त्यांच्याशी भांडले होते. फायनलची सातवी मॅच कुणी सोडतं का, असं म्हणाले होते.

सोमवारी २३ जूनला पहाटे साडेपाचला सगळे उठलो होतो. हॅलिबर्टननी सुरुवातीलाच तीन थ्री टाकले. आणि मग पहिल्या क्वार्टरमध्येच ड्राइव्ह करायला म्हणून पाय रेटला आणि पडला, आणि तळहात जमिनीवर आपटायला लागला, परत परत. कुणी धक्का दिला नव्हता, टाचेमागचीच शीर गेली होती. काकांचा फोन आला आणि दोघंही काही बोललो नाही.

पण मला त्या पोराला हेच सांगायचंय की मॅच तिथे संपली नव्हती रे. हाफटाइमला आपण ४८-४७ नी पुढे होतो! आपला मुख्य खेळाडू नसताना, ६८ मॅच जिंकलेल्या टीमच्या घरी, सातव्या मॅचमध्ये. मॅथुरिननी २४ केले, मॅकॉनेलनी बेंचवरून येऊन १६. तिसऱ्या क्वार्टरमध्ये थंडरनी पळवलं आणि १०३-९१ नी हरलो, ते खरंय. पण जी टीम तिथे कोसळली नाही, तिला तुम्ही नोव्हेंबरमध्ये मुद्दाम हरायला सांगणार?

बरं, भावना बाजूला ठेवू, हिशोबावर येऊ, कारण "ताई इमोशनल होतात" असं रविवारी एकजण म्हणालाच.

पहिला पिक कुणाला ते लॉटरीनी ठरतं, आणि २०२६ च्या लॉटरीत तळाच्या तिन्ही टीमना पहिल्या पिकचा सारखाच १४ टक्के चान्स असतो, म्हणजे सगळ्यात जास्त हरलात तरी शंभरात ८६ वेळा पहिला पिक मिळत नाही. गेल्या वर्षी युटा जॅझ १७ जिंकले आणि ६५ हरले, लीगमध्ये सगळ्यात वाईट, आणि लॉटरीत थेट पाचव्या नंबरला घसरले. विझर्ड्स १८ जिंकून सहाव्या नंबरला. आणि पहिला पिक कुणाला, तर डॅलसला, ज्यांनी ३९ मॅच जिंकल्या होत्या आणि ज्यांचा चान्स १.८ टक्के होता. डॉन्सिचसारखा स्टार लेकर्सना देऊन बसले होते आणि वर ड्राफ्टमधला सगळ्यात भारी पोरगा, कूपर फ्लॅग, मिळाला. जॅझच्या फॅन्सनी वर्षभर काय बघितलं असेल? ६५ वेळा हार, आणि बदल्यात पाचवा पिक.

आता कुणी म्हणेल की आपला २०२६ चा पिक आपल्याकडेच आहे, फायनल चालू असतानाच पेलिकन्सकडून परत घेतलाय. मान्य. तो हातात आहे ते चांगलंच आहे, लागला तर लागला. पण ही टीम बनली कशी ते बघा ना. हॅलिबर्टन ड्राफ्टमध्ये बारावा गेला होता, तोही किंग्जकडे. सियाकम सत्ताविसावा. नेमहार्ड, ज्यानी फायनलमध्ये थंडरच्या मुख्य खेळाडूला, शे गिल्जस-अलेक्झांडरला, अंगाला अंग लावून डिफेंड केलं, तो एकतिसावा, म्हणजे दुसऱ्या राउंडमध्ये. नेस्मिथला बॉस्टननी सोडलेला. आणि मॅकॉनेलला तर २०१५ च्या ड्राफ्टमध्ये कुणी घेतलंच नाही. एक मॅथुरिन तेवढा सहावा पिक. म्हणजे ज्या टीमनी फायनल सात मॅचपर्यंत नेली ती तळाला जाऊन मिळालेली नाही, इतरांना न दिसलेली माणसं हेरून, त्यांना वर्षानुवर्षं एकत्र पळवून तयार केलीये. ही सवय एकदा मोडली की परत लावायला किती वर्षं जातात ते काही टीमच्या फॅन्सना विचारा.

आणि ईस्ट, म्हणजे लीगचा आपला अर्धा भाग, यंदा किती उघडं पडलंय ते कुणी बोलतच नाहीये. बॉस्टन सेल्टिक्सचा टेटम हॅलिबर्टनसारखाच टाचेच्या दुखापतीनी बाहेर, सेल्टिक्सनी हॉलिडे आणि पोर्झिंगिस दोघांना देऊन टाकलं. लिलार्ड पण टाचेनीच गेला आणि बक्सनी त्याला सोडूनच दिलं. वरच्या चार-पाच जागा कुणाच्या ते मला पण दिसतंय, कॅव्हलियर्स आहेत, निक्स नवीन कोच घेऊन आलेत, ऑर्लँडोनी डेसमंड बेनसाठी चार-चार फर्स्ट राउंड पिक मोजलेत, डेट्रॉईट १४ विजयांवरून एका वर्षात ४४ वर गेलंय, अटलांटा पण चांगली वाटते. त्यांच्यात आपण नाही, हे मी मान्य करते. पण सात ते दहा ह्या चार जागा प्ले-इनला, म्हणजे प्लेऑफच्या शेवटच्या दोन जागांसाठीच्या मॅचना, जातात आणि गेल्या वर्षी ईस्टमध्ये दहावा नंबर ३७ मॅच जिंकून मिळाला होता. मायामी हीट. आणि तीच मायामी दहाव्या नंबरवरून दोन मॅच जिंकून प्लेऑफमध्ये घुसली, तसं आधी कुणी केलं नव्हतं.

८२ पैकी ३७! सियाकम, नेमहार्ड, मॅथुरिन, नेस्मिथ, टॉपिन आणि समोर रिक कार्लाइलसारखा कोच असताना ३७ होत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी गेल्या वर्षीची सुरुवात आठवावी. १० जिंकलो, १५ हरलो होतो. तेव्हाही हीच वाक्यं ऐकली होती मी. तिथून ५० वर गेलो.

माझा अंदाज ३८ ते ४१. प्ले-इन नक्की, प्लेऑफ निम्मं-निम्मं.

काळजी मला एकाच जागेची आहे आणि ती सेंटरची. टर्नर दहा सीझन इथे खेळला आणि बक्सकडे गेला, ज्या टीमला आपण लागोपाठ दोन वर्षं पहिल्या राउंडमध्ये हरवलं त्यांच्याकडे. मला त्याचा राग नाही, पैशाचं गणित जमलं नाही आणि माणसानी आपलं बघितलं, पण वरळीच्या त्या कोपऱ्यातले थ्री डोळ्यासमोर आले की घशात काहीतरी अडकतं. त्याच्या जागी आयझेया जॅक्सन, जो स्वतः गेल्या वर्षी टाचेनी गेला होता, आणि मेम्फिसहून आणलेला जे हफ. हफ सात फुटाच्या वर आहे आणि बाहेरून शूट करतो, म्हणजे सियाकमला आत जायला जागा मिळेल, पण रिबाउंडचं काय? उंच टीमसमोर आपल्याला रोज पाचही जणांनी मागे पळून बॉक्सआउट करायला लागणार आहे. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल कुणाच्या हातात द्यायचा हा पण प्रश्न आहे, आतापर्यंत त्याचं उत्तर एकच होतं. मला वाटतं नेमहार्डच्या. तो घाबरत नाही.

अगदी जानेवारीअखेर १२ जिंकून ३५ हरलेले असू, तर सियाकमला थोडं जपा, तरुणांना मिनिटं द्या, त्याला मी नाही म्हणणार नाही. आणि हॅलिबर्टनला काहीही झालं तरी ह्या सीझनमध्ये आणू नका, टीमनी जुलैतच तसं जाहीर केलंय ते फार बरं केलं. पण पहिल्या दिवसापासून हरायचं ठरवून उतरणं वेगळं. मी बारावीत असताना आमची कॅप्टन गुडघ्याच्या लिगामेंटनी बाहेर गेली आणि सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं की ह्या वर्षी आपलं काही होणार नाही, फक्त भाग घ्यायचा. त्यानंतर प्रॅक्टिसला पळायचं कुणी मनापासून पळालंच नाही. कॅप्टन मात्र कुबड्या घेऊन रोज ग्राउंडवर यायची, बाकावर बसायची आणि आमचे पाय बघत राहायची. पुढच्या वर्षी ती बरी होऊन आली तेव्हा तिच्यासोबत खेळायला आमच्यातल्या दोघीच उरल्या होत्या, बाकीच्यांनी खेळ सोडला होता.

हॅलिबर्टन पण तसाच बाकावर बसणार आहे वर्षभर. त्याला समोर काय दिसावं?

वेस्टबद्दल जास्त लिहीत नाही. थंडरच सगळ्यात भारी, पण २०१८ नंतर कुणालाच लागोपाठ दोनदा जिंकता आलेलं नाही, सात वर्षांत सात वेगळे चॅम्पियन झालेत, त्यामुळे मी डेन्व्हरवर लक्ष ठेवून आहे. जोकिचला ह्या वेळी बेंचवरून दमदार माणसं मिळालीयेत. ह्यूस्टनकडे ड्युरँट आलाय, पण व्हॅनव्हलीट दुखापतीनी बाहेर गेल्यामुळे बॉल आणणार कोण ते बघायला लागेल. लेकर्सवाल्यांशी रविवारी बोलेनच.

आपली पहिली मॅच भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी २४ तारखेला पहाटे आहे, इंडियानापोलिसला, आणि समोर थंडरच. वरळीच्या टीममधला आता एकटा मॅकॉनेल उरलाय, २०१९ लाच तो पेसर्सकडे आला होता. दादा भाऊबीजेला येणारच आहे, त्याला मुक्कामाला थांबवून घेतलंय. काकांनी पाच वाजता येतो म्हणून सांगितलंय. त्या इंजिनिअरिंगच्या पोराला इथे टॅग करत नाही पण तो हे वाचणार हे मला माहितीये, तर बाळा, तू पण ये, जर्सी घालून ये. चकल्या असतील, चहा मी टाकते, बेल वाजवू नकोस, घरात सगळे झोपलेले असतात, खाली आलास की मिस्ड कॉल दे.