खुलासा : बुडालेल्या गाडीचं इंजिन आणि 'फुल इन्शुरन्स'

'पावसात गाडी बुडाली तरी चिंता नको, फुल इन्शुरन्समध्ये इंजिनही बदलून मिळतं,' असा मेसेज ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. हे अर्धंच खरं आहे. पुराचं नुकसान कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत, म्हणजे ज्याला आपण 'फुल इन्शुरन्स' म्हणतो त्यात, येतं. नुसत्या थर्ड पार्टीत, म्हणजे फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणाऱ्या विम्यात, स्वतःच्या गाडीला काहीच मिळत नाही. पण वंदना टॉकीजपाशी तुंबलेल्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारला, की सिलिंडरमध्ये पाणी शिरतं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनाचा क्लेम सहसा नाकारला जातो. त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जादा कव्हर, वेगळे पैसे भरून, बहुधा रिन्यूअलच्या वेळीच घ्यावं लागतं. ते असलं तरी कृपा करून किल्ली फिरवू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी टो करूनच गॅरेजला न्या.