अडॅप्टरने व्होल्टेज बदलत नाही हो!

म्हापशात सगळ्यांच्या व्हॉट्सॲपवर फिरतंय की युनिव्हर्सल अडॅप्टर घेतला की इथलं काहीही कुठल्याही देशात चालतं. चुकीचं आहे ते! अडॅप्टर फक्त पिनांचा आकार जुळवतो. लंडन-दुबईला तीन चौकोनी पिना लागतात पण व्होल्टेज आपल्यासारखंच २३० च्या आसपास म्हणून तिथं निभावतं, आणि लिस्बनला तर मोबाईलचा दोन बारीक गोल पिनांचा चार्जर सरळ बसतो, अडॅप्टरच नको. गोची अमेरिकेत, तिथं १२० व्होल्ट. काल मावशीच्या बॅगेतून मिक्सर मीच बाहेर काढला, तळाशी स्पष्ट २३० लिहिलेलं. मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरवर बारीक अक्षरात इनपुट १००-२४० असेल तर बिनधास्त न्या, नुसता अडॅप्टर पुरतो.