काळ्या पाषाणाखाली तांबडी माती: तुमच्या दोन स्टारना उत्तर

नमस्कार साहेब, मुळशीच्या प्लॉटबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. जमिनीत हातोड्याने कंपन सोडून खडकाची खोली मोजणाऱ्या आमच्या चाचणीत आम्ही ५ मीटरवर घट्ट खडक दाखवला, तो तिथेच लागला. पण टाकीच्या खड्ड्यासाठी ब्रेकरने दोन-अडीच मीटर फोडल्यावर खाली पुन्हा भुसभुशीत तांबडी माती निघाली, ही तुमची तक्रार. ‘हातोडा आपटायचे पैसे घेतात, त्यापेक्षा नारळवाला पाणाड्या बरा,’ असंही लिहिलंय.

पाणाड्याचं राहू द्या, हातोड्याचं सांगतो. घण लोखंडी प्लेटवर पडला की दांड्याला टेपने चिकटवलेला ट्रिगर वेळ मोजायला लागतो आणि रांगेत रोवलेले २४ जिओफोन (जमिनीचं कंपन टिपणारे सेन्सर) कंपन कधी पोचलं ते नोंदवतात. एकाच जागी पाच-सहा घाव घालतो ते आजूबाजूचा आवाज दबावा म्हणून. (बोअरची मोटर तासभर बंद ठेवायला तुम्ही तयार नव्हता, आठवत असेल.) घट्ट बेसाल्टमधून, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणातून, लाट सेकंदाला साधारण ५ हजार मीटर पळते, मुरमातून त्यापेक्षा कितीतरी हळू. म्हणून लांबच्या जिओफोनवर खडकाच्या अंगाने आलेली लाट आधी पोचते आणि त्या फरकावरून खोली निघते.

पण खालचा थर वरच्यापेक्षा वेगवान असेल तरच. खडकाखाली मऊ थर आला की लाट आणखी खाली वळते, वर परतत नाही. मग घण कितीही जड घ्या. आणि आपल्याकडे तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये तांबडा पट्टा नेहमीचाच. घाटातल्या कापलेल्या डोंगरात तो रस्त्यावरूनही दिसतो. सौराष्ट्रात बेसाल्टखालचे गाळाचे खडक शोधताना तेलवालेसुद्धा या काळ्या दगडापुढे घामाघूम होतात.

म्हणूनच रिपोर्टच्या शेवटच्या पानावर ठळक लिहिलं होतं: खडकाखालचा मऊ थर या पद्धतीत दिसत नाही, पाया ठरवण्याआधी एक बोअर (तपासणीचं खोल भोक) घ्यावा. पृष्ठभागी लाटांची चाचणी, म्हणजे एमएएसडब्ल्यू, केली असती तर असा थर सापडण्याची शक्यता होती. कोटेशनमधली ती ओळ तुम्हीच खोडलीत. त्यामुळे फी परत मिळणार नाही.

मात्र टाकीचं काँक्रीट घाईने ओतू नका, ही माती भिजली की ढिली पडते. खड्डा उघडा आहे तोवर तळात बोअर मारून तांबड्या थराची जाडी मोजा आणि त्यातून निघालेला कोअर (दगड-मातीचा नमुना) स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. बंगल्याच्या बाजूलाही एक बोअर घ्याच. तिथे काळा थर किती जाड आहे, हे टाकीच्या खड्ड्यावरून ठरवता येणार नाही.